ठकीचा डबा: रविवारचे दोन तास

शनिवार, १ जून २०२४

आजपासून लिहून ठेवतेय. आमच्या कुत्रीला, ठकीला, घरचं शिजवून घालायचं जानेवारीत असंच जोशात सुरू केलं होतं आणि तिसऱ्या आठवड्यात बंद पडलं, आणि का बंद पडलं ते नवऱ्याने विचारलं तर नीट सांगताही येईना. म्हणून यावेळी वही.

ठकी आमची देशी, चार वर्षांची, नेरुळ स्टेशनबाहेर रिक्षा स्टँडपाशी सापडलेली, नसबंदीचं ऑपरेशन झालंय. आजचं वजन १४.२ किलो (तिला उचलून काट्यावर उभी राहते, मग माझं एकटीचं वजा करते, काटा साधाच आहे त्यामुळे शे-दोनशे ग्रॅम इकडे तिकडे). इतकी वर्षं किबलवर (विकतचं कोरडं खाणं) होती. गेले तीन-चार महिने सकाळी वाटी हुंगते आणि निघून जाते, मग आईंना, म्हणजे सासूबाईंना राहवत नाही, त्या तिला दूधपोळी देतात, वरणभात देतात, ते ती चाटूनपुसून खाते. म्हणजे किबल नावाला, पोरगी जगतेय आमच्या भातपोळीवर. अंगावरचे केस खरखरीत झालेत, पाठीवर हात फिरवला की लगेच कळतं.

डॉक्टर मॅडमनी तपासलं, रक्ताचे रिपोर्ट ठीक आहेत. त्या म्हणाल्या, घरचं द्यायचं असेल तर पूर्ण हिशोब करून द्या, नाहीतर आपण किबल बदलून बघू, पण हे असं अर्धवट घरचं सगळ्यात वाईट. ते मनाला लागलं कारण खरंच आहे.

आता वेळेचं. मी ७.४० ला घर सोडते, ट्रान्स हार्बरने ठाणे, तिथून शेअर रिक्षाने वागळे इस्टेट, परत यायला आठ-सव्वाआठ. नवऱ्याची शिफ्ट फिरती. जानेवारीत मी रोज रात्री तिच्यासाठी वेगळं चढवत होते, साडेनऊला चिकन धुवायला घ्यायचं म्हणजे जीवावर यायचं, तिथेच ते फसलं असणार. यावेळी आठवड्यातून एकच दिवस, रविवार, दोन तासांच्या आत सगळं संपलं पाहिजे, बाकी सहा दिवस फक्त डबा उघडायचा आणि वाटीत घालायचा.

रविवार, २ जून

आज शिजवलं काहीच नाही, नुसतं गणित. नवरा म्हणाला एवढा काय अभ्यास, पण मला पटल्याशिवाय चूल पेटवायची नव्हती.

कॅलरीचं सूत्र डॉक्टर मॅडमनी दिलं: किलोमधल्या वजनाचा ०.७५ घात करायचा आणि ७० ने गुणायचं. १४ किलोला साधारण ५०७ येतात. ही नुसती पडून राहिली तरी लागणारी ऊर्जा, त्याला ऑपरेशन झालेल्या मोठ्या कुत्र्यासाठी १.६ ने गुणायचं, म्हणजे ८१० किलोकॅलरी. आपण ८०० धरायचे आणि दर पंधरा दिवसांनी वजन बघायचं, कारण सूत्र सगळ्यांसाठी एकच असलं तरी प्रत्येक कुत्र्याची भूक आणि धावपळ वेगळी.

खरा घोळ कॅल्शियमचा आहे, आणि जानेवारीत मी तो अजिबात बघितला नव्हता. चिकनमध्ये फॉस्फरस भरपूर आणि कॅल्शियम जवळजवळ नाहीच. जंगलात कुत्र्याची जात हाडासकट खाते, आपण बोनलेस आणतो, म्हणजे हाडातला कॅल्शियम आपणच काढून टाकतो, आणि शिजवलेलं हाड तर द्यायचंच नाही, ते सुईसारखं फुटतं आणि आतडं फाडू शकतं. अन्नातून कॅल्शियम मिळालं नाही की शरीर ते स्वतःच्या हाडातून ओढतं. हे वरून दिसत नाही, कुत्रं आनंदात शेपूट हलवत असतं, आणि वर्ष-दोन वर्षांनी हाडं ठिसूळ झालेली कळतात. अमेरिकेतल्या आफ्को या संस्थेच्या मानकात मोठ्या कुत्र्यासाठी दर १००० किलोकॅलरीमागे कमीत कमी सव्वा ग्रॅम कॅल्शियम आहे, म्हणजे ठकीला रोज १ ग्रॅम.

ऑफिसमधली मैत्रीण म्हणाली नाचणी दे की, नाचणीत किती कॅल्शियम असतं! मला पण तसंच वाटायचं. १०० ग्रॅम नाचणीत साधारण साडेतीनशे मिलीग्रॅम. म्हणजे १ ग्रॅम भरायला पावणेतीनशे-तीनशे ग्रॅम नाचणी रोज, आणि तेवढ्या नाचणीच्या कॅलरीच नऊशेच्या वर, तिच्या अख्ख्या दिवसाच्या कोट्यापेक्षा जास्त. दही धरलं तर पाऊण किलोच्या आसपास लागेल. नाचणी, दही वाईट नाहीत, पण या कामाला नाहीत.

अंड्याचं टरफल आहे या कामाला. टरफल म्हणजे जवळजवळ निव्वळ कॅल्शियम कार्बोनेट, ३ ग्रॅम पावडरमध्ये १ ग्रॅमच्या थोडं वरच कॅल्शियम मिळतं. म्हणजे अर्धा टीस्पूनपेक्षा किंचित जास्त. आणि रोज एक अंडं तिच्या जेवणात येणारच आहे.

बुधवार, ५ जून

रेसिपी ठरली, डॉक्टर मॅडमनी बघून दोन बदल केले. एका दिवसाचं, सगळं कच्चं वजन:

बोनलेस थाय २५० ग्रॅम, पेटा (कोंबडीचं जठर) ४० ग्रॅम, कलेजी २० ग्रॅम, तांदूळ ७० ग्रॅम, एक अंडं, लाल भोपळा किंवा फरसबी १००, मासे ३०, तेल एक छोटा चमचा. शिवाय टरफल पावडर ३ ग्रॅम, आणि मॅडमनी लिहून दिलेली व्हिटॅमिन-मिनरलची पावडर.

या शेवटच्या पावडरवरून माझा आणि नवऱ्याचा थोडा वाद झाला. त्याचं म्हणणं, घरचं ताजं अन्न आहे, वरून पावडर कशाला, मग किबलमध्ये आणि यात फरक काय. मी त्याला दाखवलं, २०१३ मध्ये कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिसमधल्या संशोधकांनी घरगुती कुत्र्याच्या जेवणाच्या २०० रेसिपी तपासल्या, पुस्तकातल्या, इंटरनेटवरच्या, काही तर डॉक्टरांनीच लिहिलेल्या, आणि त्यातल्या ९५ टक्के रेसिपींमध्ये निदान एक तरी आवश्यक घटक कमी निघाला. झिंक, व्हिटॅमिन डी, व्हिटॅमिन ई, कोलीन, असल्या गोष्टी, ज्या चिकनभातात मारूनमुटकून पण बसत नाहीत. आणि माणसांची मल्टीव्हिटॅमिनची गोळी ठेचून घालणं हा उपाय नाही, व्हिटॅमिन डी जास्त झालं तर कुत्र्याला विषबाधा होते आणि काही गोळ्यांत गोडीसाठी झायलिटॉल (शुगरफ्रीमध्ये असतं ते) असतं, ते तर कुत्र्याला थेट विष. मग तो काही बोलला नाही, पावडर त्यानेच येताना आणली.

कलेजी २० ग्रॅमच का तर व्हिटॅमिन ए. ते अंगात साठत जातं. कलेजी स्वस्त आहे, ठकीला जीव की प्राण आहे, म्हणून जास्त घालायचा मोह होणार हे मला माहिती आहे, म्हणून इथे लिहून ठेवतेय: वीस. आणि या रेसिपीवर कॉडलिव्हर ऑइल द्यायचं नाही, त्यात पुन्हा ए आणि डी.

मासे सध्या नाहीत. दिवाळे गावच्या बाजारात गेले तर मावशी म्हणाली, १ तारखेपासून बंदी लागली बाय, बोटी आता ऑगस्टमध्येच निघणार. ३१ जुलैपर्यंत बंदी. सुके बोंबील, सुका जवळा होता पण त्यात मीठ एवढं की प्रश्नच नाही. तोवर मॅडमनी सांगितलेली फिश ऑइलची कॅप्सूल, आणि माशाऐवजी चिकन ३० ग्रॅम जास्त.

रविवार, ९ जून

पहिला घाणा. वेळ ४ तास १० मिनिटं. म्हणजे दुप्पट.

कुठे गेला वेळ: चिकनच्या दुकानात चाळीस मिनिटं (दहा वाजता गेले, रविवारी दहाला सगळं नेरुळ तिथेच असतं). पेटा साफ करून चिरायला अर्धा तास, तो रबरासारखा, सुरीखालून सटकतो. आमचा कुकर पाच लिटरचा, दोनदा लावावा लागला. भोपळ्याची साल. मग अंड्यांची टरफलं धुऊन, दहा मिनिटं उकळून, तव्यावर कोरडी करून चटणीच्या भांड्यात फिरवली, आणि आई आत आल्या, "अगं, त्यात मी नारळाची चटणी करते ना!" बरोबर होतं त्यांचं. मी भांडं तीनदा धुतलं पण त्यांचं मन काही धजावेना.

सगळं एका मोठ्या टोपात कालवलं, पावडरी घातल्या, दुपारी दोनच्या सुमाराला झाकण लावून टोप फ्रीजमध्ये. संध्याकाळी निवांत डबे भरू म्हटलं, आणि संध्याकाळी पाहुणे आले.

सोमवार, १० जून

सगळं टाकून दिलं. चार किलोच्या वर.

सकाळी घाईत वरवरचं दोन चमचे काढून तिच्या किबलवर घातलं, ते ठीक होतं. रात्री डबे भरायला घेतले आणि झारा मध्यभागी खोल घातला तर आतला भात चिकट.  अख्खी रात्र आणि अख्खा दिवस फ्रीजमध्ये राहूनसुद्धा. आणि वास आला, आंबूस, ओल्या फडक्यासारखा. वरचा थर आणि कडा लवकर गार झाल्या असणार, आणि मधला गोळा मात्र कितीतरी तास कोमटच राहिला असणार, जूनच्या उकाड्यात ठेवल्यासारखा.

मग वाचलं. भातात बॅसिलस सिरियस नावाच्या जिवाणूचे बीजाणू असतात, ते शिजवून मरत नाहीत, भात बराच वेळ कोमट राहिला की ते वाढतात आणि विष सोडतात, आणि त्यातलं एक विष पुन्हा उकळलं तरी जात नाही. म्हणून "गरम करून घालू" हा विचार सुद्धा करायचा नाही. ठकी बाजूला बसून टोपाकडे बघत होती आणि मी पिशवीत भरत होते, फार वाईट वाटलं. आठशे रुपयांचं तर वाटलंच, पण त्या कोंबड्या वाया गेल्या याचं जास्त.

नियम: परातीत पसरायचं, दोन बोटांपेक्षा जाड थर नको, वर पंखा, आणि शिजल्यापासून दोन तासांच्या आत डबे फ्रीजमध्ये. टोप फ्रीजमध्ये जाणार नाही. कधीच.

रविवार, १६ जून

२ तास ५० मिनिटं. दुकानात सव्वाआठला, माझ्याआधी फक्त दोन जण. पेटा दुकानातल्या चाचांनाच साफ करून बारीक करायला सांगितला, आपणच कधी सांगत नाही, त्यांना दोन मिनिटं लागली. आधी पेटा एकटाच कुकरला तीन शिट्ट्या, मग त्यातच थाय, कलेजी आणि वरच्या भांड्यात भोपळा, सालीसकट (साल शिजल्यावर हाताने निघते, मागच्या वेळी उगाच सोलत बसले), आणखी दोन शिट्ट्या. दुसऱ्या शेगडीवर भात, जरा गचकाच. अंडी तिसरीकडे.

मीठ नाही, हळद नाही, कांदा-लसूण तर नाहीच.

परातीत पसरलं, खाली दुसऱ्या परातीत बर्फाचं पाणी, पंचवीस मिनिटांत गार. सगळं मिळून ४ किलो २०० ग्रॅम, १४ डबे, प्रत्येकी ३०० ग्रॅम. सहा डबे खाली फ्रीजमध्ये (तीन दिवस), आठ वर फ्रीझरमध्ये. व्हिटॅमिनची पावडर गार झाल्यावरच घालायची, गरमात काही व्हिटॅमिनं मरतात.

टरफलासाठी छोटा वेगळा ग्राइंडर घेतला. सात टरफलांची पावडर ३८ ग्रॅम भरली, आठवड्याला लागते २१, म्हणजे विकत काही आणायचंच नाही, उलट उरतेय. पावडर बोटांत चोळून बघते, मैद्यासारखी लागली पाहिजे, जरा कचकच लागली तर पुन्हा फिरवायची. ही चोळून बघायची गोष्ट मला का कुणास ठाऊक फार आवडायला लागलीय, आपण फेकून देत होतो ते इतकं कामाचं निघालं.

आजपासून पाव भाग घरचं, तीन भाग किबल. दर तीन दिवसांनी वाढवायचं. एकदम बदललं की पोट बिघडतं.

गुरुवार, २० जून

शी सैल. अर्धा-अर्धा भाग झाला त्याच दिवशी. कारण शोधलं तर आईंनी प्रेमाने उकडलेली कलेजी वेगळी दिली होती, "एवढीशी", म्हणजे सात-आठ तुकडे. त्यांना समजावून सांगितलं, त्या म्हणाल्या मग मी तिला काय देऊ, माझ्याकडे आली की ती तोंडाकडे बघत बसते. खरंय, दिवसभर घरात त्याच दोघी. म्हणून आईंसाठी वेगळी बरणी केली, त्यात रोज गाजराचे आणि काकडीचे तुकडे, ते त्यांनी हवे तेव्हा द्यायचे. आई खूश. ठकीला गाजराचा कुडुम कुडुम आवाज आवडतो.

रविवार, ३० जून

२ तास ५ मिनिटं. आता पूर्ण घरचं.

ट्रेनमध्ये एक ओळखीचा मुलगा भेटतो, त्याच्याकडे लॅब्रॉडॉर आहे, तो कच्चं मांस देतो आणि त्याला मी भात देते हे अजिबात पटत नाही, भात म्हणजे नुसती भरती म्हणतो, कुत्रा म्हणजे लांडगा. ठाण्यापर्यंत बोललो आम्ही. मला जे वाचून पटलं ते असं, की कुत्रा आता लांडगा राहिलेला नाही. २०१३ मध्येच नेचर या विज्ञानाच्या नियतकालिकात स्वीडनच्या संशोधकांचा अभ्यास आला होता, स्टार्च पचवणारं अमायलेज बनवणारा जो जीन असतो त्याच्या लांडग्यात दोनच प्रती, कुत्र्यात कितीतरी जास्त. माणसाच्या उकिरड्यावर, माणसाच्या ताटातलं उरलंसुरलं खाऊन हा प्राणी हजारो वर्षं आपल्यासोबत राहिला, त्याच्या अंगात तशी सोय झाली. शिजलेला भात तिला पचतो. आणि कच्च्या चिकनमध्ये साल्मोनेला हा आजार पसरवणारा जिवाणू असू शकतो, घरात सत्तर वर्षांच्या आई आहेत, ठकी त्यांच्या हाताला चाटते, मी तो धोका घेणार नाही.

त्याची एक गोष्ट मात्र मी घेतली. तो प्रत्येक डब्यावर तारीख लिहितो. आजपासून मी पण, मास्किंग टेप आणि मार्कर.

सोमवार, ८ जुलै

रात्रभर पाऊस, सकाळी लोकलचं वेळापत्रक कोलमडलेलं. मी तरी निघाले कारण क्लायंटची मीटिंग होती, ती झालीच नाही, आणि येताना ठाण्याला प्लॅटफॉर्मवर अडकले. घरी पोचले रात्री पावणेदहाला. नवरा नाइटला.

काल शिजवलेले ठकीचे डबे मी घाईत सगळेच वर फ्रीझरमध्ये टाकले होते आणि आज रात्रीचा खाली काढायला विसरले. आईंनी वरचा डबा काढला तर तो दगडासारखा. त्यांना मायक्रोवेव्ह वापरायला भीती वाटते. पोर उपाशी म्हणून त्यांनी तिला आपल्याच आमटीत भात कालवून दिला. आमटीत कांदा, लसूण, सगळं.

मी ऐकलं आणि माझे हातपाय गार पडले. कांदा कुत्र्याच्या रक्तातल्या लाल पेशी फोडतो, आणि परिणाम लगेच नाही, काही दिवसांनीही दिसू शकतो. डॉक्टर मॅडमना फोन केला, दहा वाजता, त्यांनी उचलला. किती कांदा होता? आईंना विचारलं, अख्ख्या आमटीत एक मध्यम, ठकीच्या वाटीत आमटीचे तीन-चार डाव. मॅडम म्हणाल्या, लाल पेशींवर परिणाम दिसायला किलोमागे साधारण १५ ते ३० ग्रॅम कांदा पोटात जावा लागतो, म्हणजे १४ किलोच्या ठकीला दोनशे ग्रॅमच्या वर, हिच्या पोटात गेला असेल फार तर दहा-पंधरा ग्रॅम. घाबरू नका, पण चार-पाच दिवस हिरड्या बघा, फिकट पडल्या किंवा लघवी तांबूस झाली तर लगेच घेऊन या. आणि थोडा थोडा रोज गेला तरी चालत नाही, हे घरात सगळ्यांना सांगा.

आईंचा चेहरा उतरला होता. त्या काही बोलेनात, ठकीच्या शेजारी खाली बसून राहिल्या, गुडघे दुखतात तरी. मी त्यांना म्हटलं, आई, चूक तुमची नाही, डबा खाली काढायचं काम माझं होतं आणि कांद्याचं मी तुम्हाला नीट सांगितलंच नव्हतं, नुसतं "आपलं देऊ नका" म्हटलं होतं. मग त्या म्हणाल्या, पूर्वी आमच्या वाड्यात कुत्री सगळं खायची गं. खायची. ती किती वर्षं जगायची ते कुणी मोजलं नाही, असं मनात आलं पण बोलले नाही.

शुक्रवार, १२ जुलै

हिरड्या गुलाबी. रोज सकाळ-संध्याकाळ ओठ वर करून बघतेय, तिला आता तो खेळ वाटतो. खातेय नीट.

बदल केले. रात्री दात घासायच्या आधी उद्याचे दोन डबे फ्रीझरमधून खाली, फोनवर पावणेअकराचा अलार्म. फ्रीजच्या दारावर मोठ्या अक्षरात कागद: कांदा, लसूण, द्राक्षं, मनुका, चॉकलेट, शुगरफ्री गोळ्या, हाडं, नाही म्हणजे नाही. त्याखाली आईंनी स्वतःच्या हाताने लिहिलं, "गाजर, काकडी, साधा भात, दही चालेल." आणि कपाटात किबलचं एक छोटं पाकीट कायमचं. अडल्या दिवशी तेच द्यायचं, त्यात काही कमीपणा नाही.

रविवार, २१ जुलै

१ तास ४० मिनिटं. वजन १४.१.

खर्च लिहून ठेवते, या आठवड्याचा: चिकन ६१०, कलेजी-पेटा ९०, अंडी ४९, तांदूळ-भोपळा-तेल मिळून ७५. म्हणजे सव्वाआठशे, शिवाय पावडर आणि कॅप्सूल. आधीच्या किबलपेक्षा जास्तच येतो. स्वस्त पडतं असं कोणी म्हणत असेल तर त्यांनी चिकनच्या जागी भात वाढवलेला असतो.

रविवार, ४ ऑगस्ट

दीप अमावास्या, गटारी. सव्वाआठला गेले तरी दुकानाबाहेर रस्त्यापर्यंत लाइन, पन्नास मिनिटं उभी होते, भावही चढलेला. उद्यापासून श्रावण, आमच्याकडे महिनाभर ओट्यावर मांस-मच्छी नाही, अंडंसुद्धा नाही. चार आठवड्यांचं एकदम करावं म्हटलं तर ५६ डबे, सतरा किलोच्या आसपास, फ्रीझरमध्ये जागाच नाही.

गेला महिनाभर मला याचीच धास्ती होती. आज धीर करून आईंना विचारलं. त्या दिवे घासत होत्या. म्हणाल्या, "कुत्र्याला कसला आलाय श्रावण? मुक्या जीवाला उपाशी ठेवून मला कुठलं पुण्य मिळणारेय. फक्त माझ्या ओट्यावर नको, भांडी वेगळी ठेव." एवढंच. मी उगाच महिनाभर मनात भांडत होते.

रविवार, ११ ऑगस्ट

ड्राय बाल्कनीत इंडक्शन, माहेरचा जुना सात लिटरचा कुकर (आईकडे माळ्यावर पडून होता, रिंग नवीन टाकली), एक टोप, एक परात, एक सुरी, सगळं ठकीचं. एकच शेगडी म्हणून एकामागून एक, २ तास २० मिनिटं, पण सात लिटरमध्ये सगळं मांस एकदम बसतं हे कळलं. इंडक्शनला कुकरचा बुडाचा भाग सपाट आणि लोहचुंबक चिकटणारा लागतो, हा जुना ॲल्युमिनियमचा चाललाच नाही, मधे लोखंडी तवा ठेवून केलं, ते बरोबर वाटलं नाही. फार वेळ लागला आणि तवा लालबुंद. पुढच्या वेळी असं करायचं नाही, छोटी एक बर्नरची गॅस शेगडी आणायची.

रविवार, २५ ऑगस्ट

मासे सुरू! काल दिवाळ्याला तारली मिळाली, ताजी, पोट चकचकीत, अर्धा किलो घेतली. मावशीने विचारलं फ्राय करणार का, श्रावणात? म्हटलं कुत्रीसाठी. तिने वरून मूठभर घातली आणि म्हणाली आमच्या पण बोटीवर एक असते.

तारली डोकं-पोट काढून थोड्या पाण्यात कुकरला पहिल्या शिट्टीनंतर बारीक गॅसवर अर्धा तास. एवढा वेळ दिला की मधला काटा मऊ पडतो. प्रत्येक माशाचा मणका दोन बोटांत धरून दाबून बघते, खडूसारखा चुरडला तर तसाच कालवते, जरा जरी टोचला तर काढून टाकते. आज सगळे चुरडले. ड्राय बाल्कनीत असा वास सुटला की ठकी दाराच्या फटीत नाक घालून तासभर बसली होती, उठलीच नाही.

आता फिश ऑइल बंद, मासे आहेत तोवर.

शनिवार, ३१ ऑगस्ट

तपासणी. रक्त घेतलं, सगळं ठीक, वजन १४.३. मॅडमनी पाठीवरून हात फिरवला आणि म्हणाल्या केस बदललेत हो. मला रोज बघून कळत नव्हतं, पण आज घरी येऊन मुद्दाम डोळे मिटून हात फिरवला. कानामागे अजून थोडे खरखरीत आहेत, पाठ मऊ आहे.

त्यांनी सांगितलं, सहा महिन्यांनी पुन्हा रक्त, आणि चिकन एके चिकन करू नका, महिन्यातून एखादा घाणा बकऱ्याच्या खिम्याचा करा, त्यातलं झिंक आणि लोह वेगळं पडतं. खिमा महाग आहे, आणि चरबी बघून कॅलरी पुन्हा मोजाव्या लागतील. ते आता श्रावण संपल्यावर.

गुरुवार, ५ सप्टेंबर

उद्या पहाटे तीनला चिपळूणकडे निघायचं, गणपतीला. ठकी येणार. गावच्या फ्रीजला फ्रीझर नावालाच आहे आणि पावसात लाइट जाते ती कधी येईल सांगता येत नाही, हायवेला किती तास जातील तेही नाही. म्हणून सगळे दिवस घरचं नेण्याचा हट्ट सोडला. सहाच डबे दगडासारखे गोठवून थर्माकोलच्या बॉक्समध्ये, मध्ये बर्फाच्या पिशव्या, ते पहिले तीन दिवस. गेला आठवडाभर रोज संध्याकाळच्या डब्यात मूठभर किबल मिसळत होते म्हणजे तिथे गेल्यावर पोट बिघडणार नाही. चौथ्या दिवसापासून किबल, वर एक उकडलेलं अंडं. पूजेच्या घरात अंडं चालणार नाही, ते मागच्या पडवीत चुलीवर उकडायचं असं काकूंशी फोनवर ठरलंय.

टरफलाची पावडर नेत नाहीये, किबलमध्ये कॅल्शियम असतं, वरून घालायचं नसतं. आईंनी विचारलं म्हणून लिहून ठेवलं.

आईंनी गाजराची बरणी भरून त्यांच्या पर्समध्येच ठेवलीय. बॉक्सला टेप लावायची राहिलीय, बर्फ अडीचला भरायचा.